कोकेनच्या बातमीशेजारी ते छायाचित्र नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पबवर छापा पडल्याची बातमी आली की शेजारी बहुधा तेच छायाचित्र दिसते: काचेवर ओढलेल्या पांढऱ्या पावडरीच्या रेघा आणि गुंडाळलेली नोट. ते त्या छाप्याचे नसते, संग्रहातले असते. मी वैद्यकीय महाविद्यालयात फार्माकॉलॉजी (औषधांचा शरीरावरील परिणामांचे शास्त्र) शिकवत असे. आता एका व्यसनमुक्ती केंद्रात पालकांच्या बैठका घेते. हे छायाचित्र कृपया बंद करावे, एवढ्यासाठी हे पत्र.

२००१ साली 'नेचर'मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. उंदराने कळ दाबली की शिरेतून कोकेन मिळे आणि त्याच वेळी दिवा लागून आवाज होई. दहा दिवस, रोज सहा तास हे चालले. मग कोकेन बंद. कोणाची चाचणी दुसऱ्याच दिवशी घेतली, तर कोणाची थेट साठ दिवसांनी. चाचणीत कोकेन मिळतच नव्हते, कळ दाबल्यावर फक्त दिवा आणि आवाज. तरीही साठ दिवस कोकेनपासून दूर असलेले उंदीर दुसऱ्याच दिवशी चाचणी झालेल्या उंदरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा कळ दाबत राहिले. दिवा-आवाजासारख्या खुणेने जागी होणारी तलफ मधल्या काळात वाढली होती. या काळात मेंदूच्या न्यूक्लिअस अक्युम्बन्स या भागातल्या पेशींचे ग्लुटामेट ग्राहक (ग्लुटामेट या मेंदूतल्या रसायनाचा संदेश टिपणारे रेणू) बदलतात आणि त्या पेशी खुणेला अधिक तीव्र प्रतिसाद देतात, हे पुढे २००८ मध्ये दिसले.

उंदराचे माणसाला लागू होते का, असे पालक विचारतात, आणि ते विचारायलाच हवे. २०१६ मध्ये कोकेन सोडलेल्या माणसांना कोकेनची चित्रे दाखवून ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) काढले गेले. सोडून जितके जास्त दिवस झाले होते, तितकी "तलफ कमी आहे" असे ती माणसे सांगत होती. मेंदूचा प्रतिसाद मात्र दोन दिवसांपूर्वी सोडलेल्यांपेक्षा एक ते सहा महिने झालेल्यांमध्ये जास्त होता. वर्षभराने तो उतरलेला दिसला.

मला हा मधला काळच फार महत्त्वाचा वाटतो, कारण घरचे नेमके तेव्हाच निर्धास्त होतात. मुलगा नीट जेवतो, अंगाने भरतो, कामावर जायला लागतो. "आता सुटला हो तो, फॉलो-अपला कशाला आणू?" असे आया अगदी आनंदाने सांगतात. मुलगाही खोटे बोलत नसतो, त्याला खरेच बरे वाटत असते. अशात सकाळी चहाबरोबर पेपर उघडतो आणि समोर त्या रेघा. प्रयोगशाळेत तलफ चाळवायला जशी चित्रे वापरतात, तसलेच हे.

बातमी जरूर छापा. पोलीस ठाणे, जप्त केलेला माल, अटक, सगळे द्या. छायाचित्र हवेच असेल तर पोलीस ठाण्याच्या इमारतीचे चालेल. आणि बातमीच्या चौकटीत राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६ हा क्रमांक द्यावा.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका, पुणे