शास्त्रीजींना एवढंच विचारायचंय

प्रिय सुध्या,

दीड वर्षात तुला एक ओळ लिहिली नाही. तुझी दोन पत्रं टेबलाच्या खणात आहेत, रोज दिसतात. रागावला असशील तर रागव, पण आधी हे सगळं वाच. तब्येत बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे.

परवा धाकटी वही घेऊन आली. निबंधाचा विषय : होऊन गेलेल्या राष्ट्रीय नेत्यांपैकी कोणाला भेटायला आवडेल? "बाबा, तुम्ही कोणाला भेटाल?" मी क्षणात म्हणालो, लालबहादूर शास्त्री. तिने लिहूनही टाकलं. मग पेन तसंच धरून विचारलं, "आणि भेटल्यावर काय विचाराल?" सुध्या, माझ्या तोंडून शब्द फुटेना. उठून गॅलरीत गेलो.

हे तुलाच का लिहितोय ते तुला कळलं असेल. चौदा नंबरच्या खोलीत याच विषयावर आपण पहाटे चारपर्यंत भांडलो होतो. दिघ्या नेपोलियनला सोडायला तयार नव्हता आणि शेवटी नेपोलियनसकट झोपी गेला. तुला शास्त्रींना फक्त ताश्कंदचं विचारायचं होतं. १० जानेवारी १९६६ ला पाकिस्तानशी करारावर सही, ११ च्या पहाटेआधी माणूस गेलेला. काश्मीरमधली हाजीपीर खिंड जिंकलेली परत का दिली, बरोबर गेलेले यशवंतराव त्या दिवशी काय बोलले, असं तुझं एकामागून एक चाललं होतं. मी म्हटलं, मला १९५६ चं, अपघातानंतर रेल्वेमंत्रिपद सोडल्याचं विचारायचंय, तर तू उशी फेकून मारलीस. "कसला त्याग? नोव्हेंबरात राजीनामा आणि पुढच्या एप्रिलात पुन्हा मंत्री!" त्या रात्रीपासून मी शास्त्रीबुवा झालो. अरे, ती काशी विद्यापीठाची पदवी आहे, आडनाव नाही, हे मी ओरडून सांगत होतो आणि तुम्ही दोघं खिदळत होतात.

एप्रिलचं तुझं बरोबर होतं, ते मी तेव्हाही मान्य केलं होतं. मधे निवडणूक झाली, ते निवडून आले, दळणवळण खातं मिळालं. पण लोकांनी पुन्हा निवडून दिलं म्हणून आधी सोडलेलं खोटं ठरत नाही, या मतावर मी आजही आहे. १९६३ मध्ये मंत्रिपद सोडून पक्षाच्या कामाला लागायच्या कामराज योजनेत गृहखातं सोडलं, तेही विसरू नकोस.

आता मूळ गोष्ट. तीन आठवड्यांपूर्वी आमच्या प्रेस शॉपला अपघात झाला. तेवीस वर्षांचा पोरगा, कंत्राटी. उजव्या हाताची दोन बोटं गेली. चौकशी झाली, अहवाल आला : ऑपरेटरचा निष्काळजीपणा. त्याचं कंत्राट पुढे वाढणार नाही म्हणतात. मशिनच्या गार्डचा, म्हणजे संरक्षक जाळी उघडी असली की मशिन थांबवणारा, स्विच चार दिवस आधीपासून बिघडलेला होता. नवा यायला वेळ होता, ऑर्डर अडली होती. लॉगबुकात निळ्या शाईत एक ओळ आहे : 'गार्ड स्विच बायपास. प्रॉडक्शन चालू ठेवणे.' खाली सही माझी. 'ठेवणे'तला 'ठ' मी नेहमी काढतो तसा, अर्धवट उघडा. चौकशीत ते पान कोणी उलटलं नाही आणि मीही उलटून दाखवलं नाही.

मागच्या गुरुवारी मी पत्र लिहिलं. नोंद माझी, जबाबदारी माझी, मेंटेनन्सचं प्रमुखपद सोडतो. साहेबांनी वाचलं, घडी घातली, लिफाफ्यात परत ठेवलं आणि माझ्याकडे सरकवलं. "भावनेच्या भरात काही करू नका. मी हे पाहिलेलं नाही."

आणि मी तो लिफाफा उचलला, सुध्या. जिना उतरताना मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं मला झोपू देत नाही.

आपण भांडलो ते अरियालूरच्या रेल्वे अपघातावर. त्याआधीचं आपल्या दोघांच्याही बोलण्यात आलं नव्हतं. त्याच वर्षी, काही महिने अगोदर, मेहबूबनगरजवळ पूल कोसळून गाडी गेली होती, शंभरावर माणसं मेली. शास्त्रींनी तेव्हाच राजीनामा दिला होता. नेहरूंनी तो स्वीकारला नाही आणि शास्त्री कामावर परतले. मग २३ नोव्हेंबरला अरियालूर. मद्रासहून तुतिकोरीनला निघालेली एक्सप्रेस, पावसाने फुगलेली नदी, इंजिन आणि डबे पाण्यात. पुन्हा शंभरावर माणसं. या वेळी राजीनामा दिला तो मागे घेतला नाही. तो स्वीकारतो ते शास्त्रींचा दोष आहे म्हणून नव्हे, पायंडा पडावा म्हणून, असं नेहरूंनी संसदेत सांगितलं.

मला त्या मधल्या महिन्यांतल्या शास्त्रींना भेटायचंय. ताश्कंदच्या नको, पंतप्रधान झालेल्याही नको. पहिला कागद परत आला त्या संध्याकाळी घरी गेल्यावर तुम्हाला हायसं वाटलं का? आणि अरियालूरची तार आली तेव्हा तो पहिला कागद आठवला का? एवढंच. पूल त्यांनी बांधला नव्हता, कुठल्या वहीत त्यांच्या हातची ओळ नव्हती. माझी आहे. आणि आमच्याकडे त्याच जातीच्या अजून सहा प्रेस चालू आहेत.

काल धाकटीला तो प्रश्न सांगितला. तिने लिहिला, मग पुस्तक उघडून बघितलं आणि म्हणाली, "बाबा, यात तर एकच राजीनामा आहे. बाई विचारतील, पहिला कुठला?" मी म्हटलं, बाईंना सांग, जो परत आला तो.

त्या पोराला भेटून आलो. डाव्या हाताने सही गिरवायचा सराव करत होता. त्याला स्विचचं सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं साहेब." पुढे दोघंही बोललो नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींचा गुडघा कसा आहे? थोरल्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाल्याचं दिघ्याकडून कळलं, फार आनंद झाला. काकूंना नमस्कार.

लिफाफा शर्टाच्या खिशात आहे, कडा मळल्यात. या वेळी त्यात लॉगबुकाच्या त्या पानाची झेरॉक्सही घातली आहे. सोमवारी पहिल्या पाळीला साहेब येतात. रविवारी रात्री फोन कर आणि चौदा नंबरमध्ये भांडलास तसा भांड. घर, हप्ते, धाकटीचं शिक्षण, जे जे माझ्या विरुद्ध असेल ते सगळं काढ. मला ते तुझ्याकडून ऐकून मग जायचंय.

तुझा,
अव्या