दोष पंचांचा नव्हे

फुटबॉल विश्वचषकाच्या वादग्रस्त अंतिम सामन्यांवरील रविवारच्या पुरवणीतील लेखात २०१० च्या स्पेन-नेदरलँड्स लढतीचा विचका पंच हॉवर्ड वेब यांनी केला, असा सूर आहे. तो पटत नाही. जोहान्सबर्गमध्ये त्यांनी १४ पिवळी कार्डे दाखवली हे खरे. पण धसमुसळेपणा खेळाडूंनी करायचा आणि खापर शिट्टीवर फोडायचे, हा कुठला न्याय? २८ व्या मिनिटाला नेदरलँड्सच्या नायजेल डी याँगचा बूट थेट स्पेनच्या झाबी अलोन्सोच्या छातीवर बसला. त्यावर लाल कार्डच हवे होते. आपल्याला तो प्रसंग नीट दिसला नाही, हे वेब यांनी पुढे स्वतःच मान्य केले. म्हणजे ते चुकले, पण कठोरपणामुळे नव्हे. स्पेनचे पासेस तोडण्यासाठी धसमुसळा खेळ करायचा, हा डच संघाचा डावच होता आणि त्यावर सर्वांत जळजळीत टीका डच फुटबॉलचे दैवत योहान क्रायफ यांनीच केली. लेखात त्याचा साधा उल्लेखही नसावा, याचे वाईट वाटते. स्पेनच्या इनिएस्टाच्या ११६ व्या मिनिटाच्या गोलआधी डच संघाचा हक्काचा कॉर्नर नाकारला गेला, ही तक्रार मात्र रास्त आहे.

- एक फुटबॉलप्रेमी, कोल्हापूर