गाडी उलाळ होऊ देऊ नका

मेलबर्न
15 ऑक्टोबर 2025

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

रविवारी व्हिडिओ कॉलवर अंगणातला ट्रेलर बघून तुम्ही म्हणालात, "एवढीशी डबडी, तिला शिकायचं काय?" सुजय पुढच्या महिन्यात इकडे बागकामाच्या धंद्यात येतोय. रोज पिकअप (इकडे तिला यूट म्हणतात) आणि मागे ट्रेलर, हेच त्याचं काम. तुमचा जन्म बैलगाडी आणि ट्रॉली जोडण्यात गेला, म्हणून पत्र तुमच्या नावे लिहितोय. त्याला वाचायला द्याच, पण दांडीवरच्या वजनाचा भाग तुम्ही स्वतः समजावून सांगा. माझ्यापेक्षा तुमचं तो ऐकेल.

आधी पाटी बघायची. ट्रेलरच्या दांडीवर धातूची पट्टी ठोकलेली असते. तिच्यावर एटीएमचा आकडा असतो, म्हणजे ट्रेलर आणि आतला माल मिळून जास्तीत जास्त वजन. रिकाम्या ट्रेलरच्या वजनाला टेअर म्हणतात. एटीएममधून टेअर वजा केलं की उरतो तो माल. इकडे दारोदारी दिसतो तो सहा बाय चार फुटांचा, एका आसाचा ट्रेलर. त्याचं एटीएम बहुधा 750 किलो असतं. रिकामा 220 भरला, तर माल 530 किलो, वर एक घमेलंही नाही.

नवशिका इथेच फसतो, कारण हौदा मोठा दिसतो. फळ्या 30 सेंमी उंच धरल्या तर त्यात 0.67 घनमीटर मावतं. ओली वाळू घनमीटरला 1.8 टनांच्या आसपास, म्हणजे काठोकाठ भरली की 1.2 टन झाले. 530 किलोत बसणारा वाळूचा थर फक्त 13 सेंमीचा, अर्ध्या वितीहून जरासा जास्त. डेपोतला लोडरवाला अर्ध्या घनमीटरची एक बकेट ओततो आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळतो; त्या एका बकेटीत 900 किलो आलेले असतात. झाडांच्या सालीचा भुगा मात्र हौदाभर घेतला तरी चालतो, तो घनमीटरला साधारण अर्धा टन. पावसात भिजलेला असेल तर तोही जपून.

मग ओढणाऱ्या गाडीचा हिशेब. जाहिरातीत "साडेतीन टन ओढते" असं लिहितात. ते खोटं नसतं, अर्धं असतं. गाडी, तिच्यातली माणसं-अवजारं आणि भरलेला ट्रेलर, सगळं मिळून किती चालेल त्याचा वेगळा आकडा असतो, जीसीएम. समजा तो 6 टन आहे. मागे 3.5 टन लावले तर यूटला उरले 2.5. यूट स्वतःच 2.2 टनांची असली तर माणसं, डिझेलचे कॅन आणि हत्यारं मिळून 300 किलो. तीन गडी आणि एक खोकं बसलं की संपलं. शिवाय हुकाची, म्हणजे टो-बारची, स्वतःची मर्यादा असते. एटीएम, जीसीएममधून भरलेल्या गाडीचं वजन वजा जाऊन उरणारा आकडा, जाहिरातीतला ओढायचा आकडा आणि टो-बारची मर्यादा, यांतला जो सगळ्यांत लहान, तो खरा.

आता मुख्य गोष्ट. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की तुम्ही ओरडायचात, "अरे, उलाळ झाली!" जू वर उचललं जायचं आणि बैलांच्या गळ्याला जोत्याचा फास बसायचा. पुढे जास्त झाला तर सगळा भार त्यांच्या मानेवर. एका आसाच्या ट्रेलरचं अगदी तेच आहे, फक्त बैलांच्या मानेच्या जागी गाडीचा टो-बॉल, म्हणजे ट्रेलर अडकवायचा मागचा गोळा. उसाच्या चारचाकी ट्रॉलीवरून सुजयला हे कळणार नाही. तिचा भार पुढच्या-मागच्या दोन्ही आसांवर बसतो, ट्रॅक्टरच्या हुकावर वजन येतच नाही, म्हणून कशीही भरली तरी ती सरळ येते.

भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा भाग टो-बॉलवर हवा. 600 किलोला 60. गाडीच्या पुस्तकात बॉलवरच्या भाराची मर्यादा दिलेली असते, ती ओलांडायची नाही. लहान गाड्यांना ती 75 किलो इतकी कमीही असते. मोजायला घरातला माणसाचा वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट जागी उभा करायचा, चाकांना पुढून-मागून दगड लावायचे, काट्यावर फळी आणि फळीवर ओंडक्याचा तुकडा उभा ठेवून दांडीचं तोंड, म्हणजे कपलिंग, त्यावर टेकवायचं. पुढचं छोटं चाक (जॉकी व्हील) जमिनीपासून सुटलेलं हवं आणि कपलिंग गाडीला जोडल्यावर असतं त्याच उंचीवर. दांडी चढती ठेवली की आकडा कमी येतो आणि माणूस उगाच माल पुढे ढकलतो.

हे चुकलं तर काय होतं ते सुजयला नीट सांगा. वजन मागे गेलं की दांडी वर उचलू बघते, गाडीची मागची चाकं हलकी होतात आणि ट्रेलरचं शेपूट डावी-उजवीकडे झोके घ्यायला लागतं. प्रत्येक झोका गाडीच्या बुडाला आडवा ढकलतो. ताशी 25 ला ट्रॅक्टर हे पचवून टाकतो, तो जड आणि हळू. 100 ला दीड टनाच्या गाडीला ते पचत नाही. पुढचा झोका आधीच्यापेक्षा मोठा येतो. अशा वेळी ब्रेक दाबला तर गाडी थांबू बघते, ट्रेलर तिरका रेटतो आणि दोघं कात्रीसारखी मिटतात. स्टिअरिंग उलटं मारलं तर ते एका झोक्याने उशिरा पोचतं आणि झोका वाढतो. स्टिअरिंग सरळ धरायचं, ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा, वेग आपोआप उतरू द्यायचा. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर डॅशबोर्डजवळच्या कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायचे. मागून ओढ बसली की शेपूट सरळ होतं. मग बाजूला थांबून माल पुढे सरकवायचा, नुसतं हळू चालवत पुढे जायचं नाही.

उलटी चूकही होते. पुढे फार दाबलं की गाडीचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग सैल लागतं आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

जड वस्तू तळाला आणि आसाच्या जराशी पुढे. गवत कापायचं 90 किलोचं मशीन अगदी मागे आणि त्याला तोल म्हणून खडीच्या पिशव्या अगदी पुढे ठेवल्या तर काटा बरोबर आकडा दाखवेल, पण ट्रेलर तरीही झुलेल. दोन्ही टोकांना वजन असलेली वस्तू एकदा फिरायला लागली की थांबत नाही. कामावर पिशव्या उतरवताना पुढच्या आधी काढल्या आणि मशीन मागेच राहिलं, तर सकाळी बरोबर भरलेला ट्रेलर दुपारी उलाळ होतो. तशा अवस्थेत गाडीपासून सोडला तर दांडी झटक्यात वर येते, हनुवटीवर.

ब्रेकचा इकडचा नियम सरळ आहे. जोडलेल्या अवस्थेत ट्रेलरच्या चाकांवर 750 किलोपर्यंत भार असेल तर ब्रेक नसले तरी चालतं. त्यापुढे 2 टनांपर्यंत निदान एका आसाच्या दोन्ही चाकांना ब्रेक हवेत. 2 टनांच्या वर सगळ्या चाकांना, चालकाला जागेवरून लावता येतील असे, आणि ट्रेलर तुटून सुटला तर आपोआप लागतील असे. आपल्याकडच्या ट्रॉल्यांना ब्रेक नसतात म्हणून सुजयला हे जाचक वाटेल. वाटू दे.

जोडताना घाई करायची नाही. इकडचा नेहमीचा गोळा 50 मिलिमीटरचा. कपलिंग त्यावर बसवून खटका लावला की जॉकी व्हील उलटं फिरवून दांडी वर उचलायची. गाडीचं बूड तिच्याबरोबर वर आलं तर पक्कं बसलंय. दांडी एकटीच वर आली तर खटका नुसता दिसायला लागलेला होता. मग जॉकी व्हील पूर्ण वर घेऊन आडवं करायचं, विसरलं तर पहिल्याच गतिरोधकावर वाकतं. साखळ्या दोन असतील तर दांडीखालून एकमेकींना छेदून लावायच्या, म्हणजे कपलिंग सुटलं तरी दांडी त्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. वळताना ताणणार नाहीत एवढ्या सैल, आणि जमिनीला घासणार नाहीत एवढ्या आखूड. साखळी गाडीला अडकवायची कडी, म्हणजे शॅकल, किती भाराची ते तिच्यावर कोरलेलं असतं. कोरलेलं नसेल ती कुंपणाला वापरायची.

दिव्यांत बिघाड झाला तर आधी पांढरी तार बघायची. ती अर्थिंगची. ती गंजली की उजवा इंडिकेटर लावला तरी ब्रेकचा दिवा मिणमिणतो आणि माणूस बल्ब बदलत बसतो. पिवळी डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची, लाल ब्रेकच्या दिव्याची, तपकिरी मागच्या दिव्यांची.

जुना ट्रेलर बघायला गेलात तर रंगावर जाऊ नका. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे चौकटीला अडकतात तिथला गंज आणि दांडी जिथे हौद्याला जोडलीय तिथल्या वेल्डिंगची चीर, या दोनच जागा बोटाने चाचपायच्या. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो: 2317 म्हणजे 2017 सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, उभ्या जागी उन्हात तडकून जातात, म्हणून नक्षी भरपूर दिसली तरी साल बघायचं. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवायचं. खुटखुट झाली तर बेअरिंग गेलंय किंवा सैल आहे. लांबच्या वाटेवर थांबलं की हबला हात जपून जवळ नेऊन बघायचा. कोमट चालतो, जवळ हात धरवत नसेल तर ग्रीस संपलंय किंवा बेअरिंग वा ब्रेक बिघडलाय, पुढे जायचं नाही. चाक काढून बसवलं असेल तर 50 किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे.

माल झाकून रॅचेट पट्ट्यांनी आवळायचाच. उडालेला भुगाही इकडे दंडाला पात्र. आणि ट्रेलरमध्ये माणूस बसवायचा नाही, एक गल्लीही नाही. ट्रॉलीतून वऱ्हाड नेणाऱ्या घरातला मुलगा आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

तुमच्याकडून एक काम हवंय. निघण्याआधी त्याला खळ्यावर दोनचाकी ट्रॉली मागे घ्यायला लावा. चारचाकी नको, तिला दोन सांधे असतात, ती सवय इकडे उपयोगाची नाही. स्टिअरिंग खालून, सहाच्या काट्याशी धरायचं. हात डावीकडे गेला की ट्रॉलीचं शेपूट डावीकडे जातं. दोन विटा ठेवून त्यांच्यामधून दहा वेळा. ट्रॉली वाकडी झाली की ओढून-ताणून सरळ करायची नाही, पुढे घेऊन नव्याने सुरू करायचं. इकडची ट्रेलरची दांडी ट्रॉलीपेक्षा आखूड, त्यामुळे तो लवकर वाकतो. तेवढं त्याला इथे आल्यावर जमेल.

आईला नमस्कार सांगा. तिच्या गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर, ते सुजयकडून लिहून पाठवा.

आपला,
विनायक

ता. क. पुढे लोखंडी टोपी असलेले बूट त्याला तिकडूनच घेऊन द्या. दांडी सगळ्यांच्याच पायावर एकदा पडते.