तीन मतांचं कार्मार्थन

कार्मार्थन, वेल्स
१९ ऑक्टोबर

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "तिकडे दिवसभर करतोस तरी काय?" तेव्हा मी हवापाण्यावर वेळ मारून नेली. खरं सांगितलं असतं तर वहिनींना बोलावून दोघंही हसला असतात. अरे, मी इथे मतमोजणी करतोय. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची.

लेक सकाळी सातला ड्यूटीवर जाते, नातू शाळेत. मी छत्री घेऊन वाचनालयात जातो आणि दुपारी शेजारच्या आजोबांकडे चहाला. वय ऐंशीच्या घरात, जन्मभर गायी पाळल्या, आता गोठा विकून गावात आलेत. माझ्याशी इंग्रजीत बोलतात, कुत्र्याशी वेल्शमध्ये. "त्याला इंग्रजी येत नाही," असं अगदी गंभीरपणे सांगतात. मी निवृत्त शिक्षक, बत्तीस वर्षं निवडणुकीच्या ड्यूट्या केल्या, हे कळलं त्या दिवसापासून त्यांनी मला धरलंच. म्हणाले, मोजणी बघायची असेल तर आमच्या कार्मार्थनची बघ.

आपल्याकडे ऊस तसं इथे गवत. पाऊस बारमाही, डोंगर बुटके, आणि जिकडे बघावं तिकडे दुभती जनावरं. १९१८ मध्ये जिल्ह्याचे नव्याने दोन मतदारसंघ झाले. समुद्राकडची पत्र्याच्या कारखान्यांची पट्टी लानेल्लीत गेली. (तो शब्द मला अजून म्हणता येत नाही. जीभ टाळूला लावून बाजूने फुंकर मारायची म्हणे. नातू मारतो, मी थुंकतो.) कार्मार्थनकडे राहिली शेतं, बाजाराची गावं, चॅपलं आणि दक्षिणेच्या कडेला दगडी कोळशाच्या काही खाणी. चॅपल म्हणजे सरकारी चर्चपासून फटकून राहणाऱ्यांची प्रार्थनाघरं. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या लिबरल. १८६८ च्या निवडणुकीत जमीनदाराच्या मर्जीविरुद्ध मत दिलं म्हणून या भागातल्या कुळांना शेतावरून हुसकलं होतं. मत तेव्हा उघड द्यावं लागे, गुप्त मतदान आलं १८७२ मध्ये. त्यामुळे इथल्या म्हाताऱ्यांना "मत कुणाला दिलं?" असं विचारलं की अजूनही विषय पावसाकडे वळतो.

पक्षांतर ही आपलीच मक्तेदारी असं मी समजत होतो. १९२४ च्या पोटनिवडणुकीत लिबरलांनी इथून सर आल्फ्रेड मॉन्ड या बड्या कारखानदाराला निवडून आणलं. पुढे लिबरलांचे पुढारी, माजी पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी शेतजमिनीवर सरकारी ताबा आणण्याची योजना मांडली. मॉन्डसाहेबांना ती पटली नाही आणि १९२६ मध्ये ते उठून हुजूर पक्षात जाऊन बसले. राजीनामा नाही, काही नाही. शेतकऱ्यांनी मत दिलं एका पक्षाला, खासदार दुसऱ्याचा. १९२८ मध्ये त्यांना लॉर्ड करून संसदेच्या वरच्या सभागृहात पाठवलं तेव्हा पोटनिवडणूक झाली आणि जागा लिबरलांनी परत घेतली. मताधिक्य किती? ४७. आजोबांच्या वडिलांना हा आकडा शेवटपर्यंत पाठ होता म्हणे.

त्यानंतर नुसती ये-जा. १९२९ ला मजूर पक्षाचे डॅनियल हॉपकिन, १९३१ ला लिबरल, १९३५ ला पुन्हा हॉपकिन, १९४१ ला युद्धामुळे मजूर पक्षाचाच माणूस बिनविरोध. आणि मग १९४५. चर्चिलला घरी बसवणारी ती मोठी लाट आली, देशभर मजूर पक्षाने जागांचा ढीग केला, आणि कार्मार्थनमध्ये मजूर पक्ष असलेली जागा हरला! निवडून आले लिबरल पक्षाचे ऱ्हिस हॉपकिन मॉरिस. पुढे १९५० मध्ये त्यांनी जागा राखली १८७ मतांनी, १९५१ मध्ये ४६७ मतांनी. सदा, साऱ्या मतदारसंघात मिळून १८७ म्हणजे आपल्या एका वाडीची मतं. ही मंडळी रात्री झोपत कशी असतील?

१९५६ च्या अखेरीस मॉरिस वारले. १९५७ च्या फेब्रुवारीत पोटनिवडणूक लागली आणि मजूर पक्षाने उमेदवार कोण दिला, तर लॉइड जॉर्जची मुलगी. लेडी मेगन. वेल्सची पहिली महिला खासदार, २२ वर्षं बापाच्या पक्षातून निवडून आलेली, आणि आता बापाच्याच पक्षाविरुद्ध उभी. त्यात सुएझचं प्रकरण ताजं. लिबरल पक्षाने ब्रिटनच्या इजिप्तवरच्या लष्करी कारवाईचा निषेध केला होता, पण त्यांचा इथला उमेदवार कारवाईच्या बाजूचा! पक्ष पूर्वेला, उमेदवार पश्चिमेला. मेगन ३,०६९ मतांनी आल्या. संसदेत लिबरल उरले फक्त ५. मला या बाईंबद्दल कौतुक आहे, पण घराण्याचं नाव कुठल्याही झेंड्याखाली चालतं हे बघून थोडं हसूही आलं. तुला इथे कोणती उदाहरणं आठवतील ते लिहीत नाही.

आता १९६६. मार्चच्या शेवटी सार्वत्रिक निवडणूक झाली. मेगन आजारी होत्या, प्रचाराला फिरूही शकल्या नाहीत, तरी नऊ हजारांवर मतांनी आल्या. तिसऱ्या नंबरावर होते ग्विन्व्होर एव्हान्स, प्लाइड कम्रीचे, म्हणजे वेल्श राष्ट्रीय पक्षाचे अध्यक्ष. १९४५ पासून तेच अध्यक्ष आणि संसदेत त्यांचा एकही माणूस नाही. स्वतः वकिली शिकलेले, ऑक्सफर्डला जाऊन आलेले, युद्धाला नकार देणारे शांततावादी, गांधींना मानणारे, आणि पोटासाठी काय, तर लांगॅडोग गावी काचघरात टोमॅटो पिकवायचे. बॅरीसारख्या इंग्रजी बोलणाऱ्या बंदरात वाढलेले, त्यामुळे वेल्श त्यांना शिकावी लागली होती.

१४ मे रोजी मेगन गेल्या. १४ जुलैला पोटनिवडणूक. मार्चमध्ये ग्विन्व्होर या माणसाला ७,४१६ मतं होती, जुलैत १६,१७९. २,४३६ मतांनी निवडून आला. साडेतीन महिन्यांत दुप्पट! का, असं आजोबांना विचारलं तर ते बोटांवर कारणं मोजत बसले. रेल्वे गेली होती, कार्मार्थन ते ॲबरिस्टविथ गाडी आदल्याच वर्षी बंद झालेली. खाणी बंद पडत होत्या. आणि ट्रिवेरिन. उत्तरेतली ही दरी लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी १९६५ मध्ये बुडवली, तिच्यासकट कापेल केलिन हे वेल्श बोलणारं अख्खं गाव, चॅपल, शाळा, स्मशान. तो कायदा संसदेत आला तेव्हा वेल्सच्या एकाही खासदाराने बाजूने मत दिलं नव्हतं, तरी मंजूर झाला. धरणग्रस्तांच्या गावच्या माणसाला मी हे वेगळं काय समजावून सांगू? तुझ्या आजीचं घर कोयनेच्या पाण्याखाली आहे.

निकालाच्या रात्री आजोबा गिल्डहॉलच्या चौकात होते. वय २१, पहिल्यांदा मत दिलेलं. मध्यरात्र उलटून गेली तरी चौक भरलेला. "धारेची वेळ होत आली होती, पण मी हललो नाही. गायी ओरडत असणार, वडीलही." इतकं सांगून ते चहात साखर ढवळत राहिले. त्या चौकातून मी आता रोज जातो. एक कबुतर आणि एक केकचं दुकान.

संसदेत ग्विन्व्होरनी वेल्शमध्ये शपथ मागितली. मिळाली नाही. पण हा एकटा माणूस तिथे बसल्याने दोन्ही मोठे पक्ष हादरले हे खरं. पुढच्याच वर्षी वेल्श भाषेचा कायदा झाला, स्कॉटलंडमध्ये हॅमिल्टनची जागा राष्ट्रवाद्यांनी घेतली. १९६९ मध्ये राजपुत्र चार्ल्सला प्रिन्स ऑफ वेल्सचा मुकुट चढवण्याचा समारंभ झाला. ग्विन्व्होर त्याला गेले नाहीत आणि इथल्या पुष्कळ घरांत ते रुचलं नाही. भाषेचा अभिमान वेगळा, राणीचा फोटो वेगळा. १९७० मध्ये ते ३,९०७ मतांनी पडले. मजूर पक्षाचे ग्विनोरो जोन्स आले.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. २८ फेब्रुवारी १९७४. तेच दोघे समोरासमोर. फेरमोजणीवर फेरमोजणी. शेवटी ग्विनोरो जोन्स १७,१६५. ग्विन्व्होर एव्हान्स १७,१६२.

तीन!

तुला आपली ती रात्र आठवतेय ना? तालुक्याच्या गोदामातली, ट्यूबलाइटवर किडे, कागदी कपात गार झालेला चहा. ५०चा गठ्ठा मी बांधला, रबर लावलं, तू सहज परत मोजलास तर ५१. चूक माझीच. मग सगळे गठ्ठे सोडले आणि पहाटेपर्यंत आपण पुन्हा मोजत बसलो, ते दोन्ही पॅनेलवाले आपल्या बोटांकडे बघतायत. दोघांच्या मिळून ३४ हजार मतांत तीनचा फरक म्हणजे प्रत्येक गठ्ठ्याला तशी चारशे डोळ्यांची नजर. बाद मतांचा ढीग तर किती वेळा चाळला असेल! इथे शाई नाही, शिक्का नाही. दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारायची. कुणाची फुली रेषेवर गेली, कुणी वर दोन शब्द लिहिले, अशा कागदांवर खासदार ठरायचा. बरोबरी झाली असती तर इथेही चिठ्ठीच टाकतात, आपल्यासारखीच.

आजोबा त्या दिवशी मत द्यायला गेले नाहीत. कालवडीचं पहिलं वेत अडलं होतं, बायको कंदील धरून, हे कोपरापर्यंत आत. वासरू जगलं. दोघांचीही मतं राहिली. मी काही बोलणार त्याआधी तेच म्हणाले, "दोन. आम्ही गेलो असतो तरी एका मताने पडलेच असते." पन्नास वर्षं हा हिशेब रोज करून पक्का केलेला दिसला. मग दारापर्यंत सोडायला आले तेव्हा हळूच म्हणाले, "माझा भाऊही गोठ्यातच होता." मी छत्री उघडली आणि काही ऐकलंच नाही असं दाखवलं.

ऑक्टोबरात त्याच वर्षी पुन्हा निवडणूक लागली, ग्विन्व्होर ३,६४० मतांनी आले. लोकांना आधीची चुटपुट लागली असणार. १९७९ मध्ये परत पडले. पण पडलेला हा माणूस खासदारापेक्षा जड निघाला. वेल्शमध्ये स्वतंत्र दूरदर्शन वाहिनी देऊ, हे वचन हुजूर पक्षाने सत्तेत आल्यावर फिरवलं. ग्विन्व्होरनी जाहीर केलं, ६ ऑक्टोबर १९८० पासून मी आमरण उपोषणाला बसतो. वय ६८. भाषेसाठी उपोषण म्हटल्यावर मला आंध्र राज्यासाठी उपोषणात प्राण गेलेले पोट्टी श्रीरामुलू आठवले आणि पोटात गोळाच आला. पण इथे तिथवर गेलं नाही. १७ सप्टेंबरला थॅचर सरकारने माघार घेतली. बाई कुणापुढे नमल्याची उदाहरणं फार नाहीत. १ नोव्हेंबर १९८२ ला वाहिनी सुरू झाली. आजोबांकडे तीच लागलेली असते. मला शब्द कळत नाही, पण शेतीचा कार्यक्रम बघायला भाषा कशाला?

१९८३ मध्ये ग्विन्व्होर तिसरे आले आणि तो अध्याय संपला. नंतर मजूर पक्षच येत राहिला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. १९९७ च्या मे महिन्यात मतदारसंघच मोडला, पूर्व आणि पश्चिम असे तुकडे दोन नव्या नावांखाली गेले. गंमत त्याच सप्टेंबरात झाली. वेल्सला स्वतःची विधानसभा हवी का, यावर सार्वमत होतं. मोजणीत रात्रभर "नको" पुढे. २२ पैकी २१ भागांचे निकाल लागले तरी "नको"च पुढे. शेवटचा राहिला कार्मार्थनशायर. तो आला आणि पारडं फिरलं, साऱ्या वेल्समध्ये मिळून ६,७२१ मतांनी "हो". २०२४ मध्ये फेररचना झाली तेव्हा हा मतदारसंघ परत आला, पण नुसत्या वेल्श नावाने, काइरव्हर्दिन. जागा प्लाइड कम्रीने घेतली.

लेक आली, पोळ्या लाटायच्यात. इथलं पीठ चिकट आहे, वहिनींना उपाय विचारून कळव. तुझ्या गुडघ्याचा एक्स-रे काढलास का? आणि एक. आपण त्या रात्री परत मोजलं तेव्हा ते एकावन्नावं मत कुणाचं निघालं होतं रे? आठवडाभर आठवतोय, काही केल्या येत नाही.

तुझा,
विनू