ताट घरात पडलं पाहिजे

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा तुमचं वाक्य माझ्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडलं. ईरा कॉलेजचा फॉर्म भरत होती. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या नऊ कॅम्पसना एकच फॉर्म चालतो, फी मात्र प्रत्येक कॅम्पससाठी वेगळी भरायची. तिनं सॅन डिएगोवर टिक केली आणि मी लगेच म्हटलं, "डेव्हिस काय वाईट आहे? घरनं जा-ये कर. रात्री ताट घरात पडेल." डेव्हिस आमच्यापासून पंचवीसेक किलोमीटर, सॅन डिएगो आठशे.

२००१ साली मला पुण्याला मिळत होतं. तुम्ही उद्यमनगरातनं आलात, साबणानं हाताचं ग्रीस काढता काढता म्हणालात, "सांगली घे. रात्री ताट घरात पडलं पाहिजे." विषय संपला. चार वर्षं मिरजेपर्यंत पॅसेंजर, पुढं वडापची गाडी. आई, तू पाचला उठून डबा करायचीस आणि मी तो रागानं उचलायची. पोरगी म्हणून अडवलं, असं वाटायचं. थोडं होतंच ते, आता खोटं कशाला बोला. दादाला पाठवलंतच की पुण्याला.

पण बाबा, तुमचं तरी कॉलेज कुणी निवडलं? आजोबा तुम्हाला भुदरगडातनं कोल्हापूरला घेऊन आले ते बोर्डिंग बघायला. शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाची बोर्डिंगं उभी केली, म्हणून तर दसरा चौकात तुम्हाला खाट मिळाली, तीही भावकीतल्या कुणाच्या चिठ्ठीवर. मग त्या खाटेपासून चालत जाता येईल ते तुमचं कॉलेज!

ऑफिसात माझ्या शेजारी एक ह्मोंग बाई बसते. १९७५ नंतर लाओसमधनं जे निर्वासित बाहेर पडले, त्यांच्यातले तिचे आईवडील. ही थोरली. आईबरोबर डॉक्टरकडं जाऊन इंग्रजी समजावून सांगायला दुसरं कोण? म्हणून घराजवळचं कॉलेज. समोरच्या कोरियन घरात उलटं. पोरानं मोठ्या नावाचं कॉलेज धरावं, मग ते कितीका लांब असेना. त्यांच्या देशात कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत इंग्रजी ऐकून उत्तरं द्यायचा भाग असतो, तेवढा वेळ विमानं उडू-उतरू देत नाहीत, म्हणजे बघा. आणि इथं आमच्या तिन्ही घरांना एकच शब्द : एशियन.

फॉर्मला आठांतले चार प्रश्न निवडून साडेतीनशे शब्दांच्या आत उत्तरं लिहायची असतात. एका उत्तरात ईराला तुमचं बोर्डिंग घालायचंय. रविवारी तुमच्या सकाळी फोन करेल. खाट, डबा, चिठ्ठी, सगळं सांगा. सॅन डिएगो की डेव्हिस, असं विचारलंच तर फोन आईकडं द्या.

आणि आई, तूही लगेच "जवळचं घे" म्हणू नकोस. मी अजून काही बोललेली नाही, पण टिक तशीच ठेवलीय.

तुमची,
ताई