लघुग्रहाची बातमी फक्त घाबरवायलाच असते का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात पेपरात लघुग्रहाची बातमी आली होती, वर आगीच्या गोळ्याचं चित्र आणि खाली ‘पृथ्वीच्या दिशेने झेपावतोय महाकाय दगड’ अशी हेडलाईन. आईने चहा पिता पिता वाचली आणि मला हाक मारून विचारलं, ‘अरे, किती वाजता पडणारे हा?’ तो चंद्राच्याही कितीतरी पलीकडून निघून जाणार हे शेवटच्या ओळीत होतं, तिथपर्यंत ती पोचलीच नव्हती. मला याचं खरंच वाईट वाटलं, म्हणून हे पत्र.

बहुतेक लघुग्रह मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात आपापल्या वाटेने फिरत असतात, त्यांचा आपल्याला काही त्रास नाही. त्यातला वेस्टा मी स्वतः बघितलाय. मे २०२५ च्या सुरवातीला तो तूळ राशीत होता, चांदणं नव्हतं, रात्री अकराच्या पुढे गच्चीवर गेलो, नुसत्या डोळ्यांनी काही दिसला नाही पण १० बाय ५० च्या बायनॉक्युलरमधून आजूबाजूच्या ताऱ्यांसारखाच एक ठिपका दिसत होता. नेमका कुठला ते कळेना, मग वहीत सगळे ठिपके काढून ठेवले आणि चार रात्रींनी परत बघितलं तर बाकीचे जागच्या जागी आणि एकटाच साधारण दोन चंद्रांच्या रुंदीएवढा सरकलेला! पुतण्याला वही दाखवली तर तो म्हणाला काका हा चाललाय, आणि मग तो पण रोज माझ्याबरोबर वर यायला लागला.

हा वेस्टा २९ मार्च १८०७ ला जर्मनीत ब्रेमेनला ओल्बर्स यांना सापडला, ते पेशाने डॉक्टर, रात्री घरूनच आकाश बघायचे. कक्षेचं गणित प्रसिद्ध गणितज्ञ गाऊसने केलं, नावही त्यानेच ठेवलं. सूर्यापासून सरासरी अंतर साधारण ३५ कोटी किलोमीटर, एक फेरी ३ वर्षं साडेसात महिन्यांची. कक्षा थोडीशी लांबट आहे म्हणून हे अंतर ३२ ते ३८ कोटीच्या दरम्यान बदलत राहतं, आणि पृथ्वीच्या कक्षेशी ती साधारण ७ अंशांनी कललेली आहे. आता भीतीचंच बोलायचं तर हा जास्तीत जास्त जवळ आला तरी आपल्यापासून १७ कोटी किलोमीटरवर असतो, म्हणजे चंद्राच्या ४०० पटींहून लांब.

आकार म्हणाल तर सरासरी व्यास ५२५ किलोमीटर, पण पूर्ण गोल नाही, वरून खालून दाबलेल्या लाडवासारखा, स्वतःभोवती ५ तास २० मिनिटांत फिरतो. त्याचा सगळा पृष्ठभाग पसरला तर महाराष्ट्राच्या पावणेतीन पट भरेल. इथे ६० किलोचा माणूस तिथे जेमतेम दीड किलोचा लागेल. त्याच पट्ट्यातला सेरेस याच्यापेक्षा बराच मोठा आहे पण काळपट, वेस्टा अंगावर पडलेल्या उजेडातला जवळजवळ ४० टक्के परत फेकतो म्हणून पट्ट्यातला सगळ्यात तेजस्वी हाच.

नासाचं डॉन यान जुलै २०११ ते सप्टेंबर २०१२ त्याच्याभोवती फिरत होतं. दक्षिण टोकाला र्‍हियासिल्व्हिया नावाचं विवर आहे, रुंदी जवळपास ५०० किलोमीटर म्हणजे लघुग्रहाच्या व्यासाएवढीच, आणि त्याच्या मधोमध २० किलोमीटरपेक्षा उंच डोंगर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे एकावर एक बारा ठेवली तरी पुरणार नाहीत. साधारण १०० कोटी वर्षांपूर्वी बसलेल्या टकरीची ही खूण आहे.

आणि मला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे वेस्टाचं कवच बेसॉल्टचं आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड, आमच्या घाटाच्या पायऱ्या, देवळांची जोती, ती ज्या जातीची त्याच जातीचा, थिजलेल्या लाव्हाचा. आपला ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तिथला ४५० कोटींहून जुना. एवढासा गोळा आतून वितळलाच कसा याचं उत्तर शोधायला आपल्याच देशात पडलेल्या दगडाची मदत झाली. २० जून १९९६ ला राजस्थानात पाली जिल्ह्यात पिपलिया कलां इथे अशनी पडला, वेस्टाकडून आलेल्या मानतात त्या गटातला. आपल्या शास्त्रज्ञांनी त्यात अ‍ॅल्युमिनियम-२६ ची खूण शोधून काढली, १९९९ मधे ते छापून आलं. हे किरणोत्सारी अ‍ॅल्युमिनियम सात लाख वर्षांत निम्मं होतं आणि होताना उष्णता सोडतं, सूर्यमाला नवी असताना ते भरपूर होतं, त्याच उष्णतेने असे छोटे गोळे वितळले असणार. वितळून लोखंड खाली बसलं आणि ११० किलोमीटर त्रिज्येचा गाभा झाला असं डॉनच्या मोजमापावरून मांडलं होतं, पण २०२५ मधे त्याच मोजमापांचं नव्याने गणित झालं आणि एवढा मोठा गाभा आहे का यावरच प्रश्न आला. ही बातमी आपल्याकडे कितीजणांनी वाचली?

तर विनंती एवढीच. दर साधारण साडेसोळा महिन्यांनी वेस्टा आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो आणि रात्रभर दिसतो, आता ऑक्टोबर २०२६ मधे येतोय, पाऊस गेलेला असेल, आकाश धुतलेलं असेल, बायनॉक्युलर मात्र लागेल. पंचांग आणि हवामानाच्या शेजारी तो महिनाभर चार बोटांचा नकाशा छापा, आजूबाजूचे तारे आणि दर चार दिवसांनी वेस्टाची जागा, एवढंच पुरे. नकाशा मी काढून देतो, पैसे नकोत. पुतण्याने नवी वही आत्ताच आणून ठेवलीय.

आपला नियमित वाचक,
वाई (जि. सातारा)