घरखर्चाच्या खात्यांना किमान शिल्लकेचा जाच

महोदय,

महिन्याच्या ५ तारखेला खात्यात ४०,००० रुपये दिसतात आणि ते सगळे आपल्या हातात आहेत असे वाटते. प्रत्यक्षात त्यांतले निम्म्याहून अधिक गृहकर्जाच्या हप्त्याचे, सोसायटीच्या मेंटेनन्सचे आणि जूनमध्ये भरायच्या शाळेच्या फीचे असतात. बरी मिळकत असलेल्या घरांतही महिनाअखेरीस जी ओढाताण होते, तिचे एक मोठे कारण हा एकत्र दिसणारा आकडा आहे, असा माझा अनुभव आहे.

माझी आई पगाराच्या दिवशी लग्नपत्रिकांच्या जुन्या पाकिटांवर निळ्या पेन्सिलीने दूध, वाणसामान, फी, गणपती असे लिहून पैसे वेगळे काढून ठेवत असे. गणपतीच्या पाकिटातून अडीनडीला काही काढावे लागलेच, तर ‘डॉक्टर १५०’ अशी चिठ्ठी ती त्यात टाकत असे आणि तेवढे पैसे परत ठेवल्याशिवाय ती चिठ्ठी फाडत नसे. आम्ही उभयतांनी गेली सहा वर्षे हीच रीत बँकेच्या खात्यांना लावली आहे. पगाराच्या खात्यातून फक्त कर्जाचा हप्ता आणि विम्यासारख्या ठरलेल्या कपाती होतात. २ तारखेला २२,००० रुपये आपोआप घरखर्चाच्या खात्यात जातात आणि मोबाइलवरचे यूपीआय केवळ त्याच खात्याला जोडलेले आहे, त्यामुळे भाजीपासून रिक्षापर्यंत जे काही स्कॅन करून दिले जाते, त्याला आपसूकच मर्यादा पडते. तिसरे खाते वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांचे आहे. फी, घरपट्टी, दुचाकीचा विमा आणि दिवाळी मिळून आमचा हा खर्च ७८,००० रुपयांच्या घरात जातो, म्हणून दरमहा ६,५०० रुपये तिथे साठतात. पूर्वी जून महिना आला की सोसायटीच्या पतपेढीतून उसने काढावे लागत; आता तशी वेळ येत नाही.

खाती वेगवेगळ्या बँकांत ठेवण्याला आणखी एक कारण आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती, आणि ज्यांचा सगळा घरखर्च त्याच एका बँकेवर अवलंबून होता त्यांचे हाल आपल्या सर्वांसमोर आहेत. ठेवींवरील ५ लाख रुपयांचे विमासंरक्षणही प्रत्येक बँकेमागे मिळते. एकाच बँकेत एकाच नावाने तीन खाती काढली, तरी ते वाढत नाही.

मात्र या शिस्तीची किंमत आम्हाला मोजावी लागली. गेल्या वर्षी फी आणि घरपट्टी भरल्यावर तिसऱ्या खात्यात १,९०० रुपये उरले. ते खाते असे रिकामे होण्यासाठीच होते, पण बँकेची किमान शिल्लक १०,००० रुपये असल्याने लागोपाठ दोन महिने प्रत्येकी ५०० रुपये दंड आणि त्यावर जीएसटी असे एकूण १,१८० रुपये कापले गेले. पासबुक भरून घेतले तेव्हाच हे मला समजले. दंड लावण्यापूर्वी ग्राहकाला कळवावे, शिल्लक पूर्ववत करण्यास किमान एक महिना द्यावा, दंड तुटीच्या प्रमाणात असावा आणि केवळ त्या दंडामुळे खाते उणे होऊ नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश १ एप्रिल २०१५ पासून लागू आहेत. शाखेत हे दाखवल्यावर माझी निम्मी रक्कम परत मिळाली. ज्यांना हे निर्देश ठाऊक नाहीत, त्यांना कोण परत करणार?

भारतीय स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये सर्व बचत खात्यांवरील किमान शिल्लकेची अट काढून टाकली आणि कॅनरा बँकेने जून २०२५ पासून तेच केले, म्हणजे अटीवाचून बँक चालते हे उघड आहे. मूलभूत बचत ठेव खात्याला ही अट नसते हे खरे, पण ते घेतल्यावर त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही, त्यामुळे पगाराचे खाते असलेल्या शाखेत त्याचा उपयोग होत नाही. इतर बँकांनी ही अट सोडायची नसेल, तर निदान एका ग्राहकाच्या सर्व खात्यांतील रक्कम एकत्र धरून किमान शिल्लक मोजावी, किंवा एकाच खात्यात ग्राहकाने नावे दिलेले कप्पे करू द्यावेत. बँकांच्या संगणक प्रणालीला हे अवघड नाही. तूर्तास दंड टाळण्यासाठी आम्ही तिसऱ्या खात्यात १०,००० रुपये बारा महिने अडकवून ठेवले आहेत. आमच्या धाकट्या मुलीच्या एका सहामाहीच्या फीइतकी ती रक्कम आहे.

– एक वाचक, नाशिक